जेवणानंतरचा एक अध्याय



रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात पालक भेटतात आणि थोड्याच वेळात बोलणं मुलांवर येतं. मुलं बायबल उघडतच नाहीत, हातातला मोबाइल सुटत नाही, तुम्ही शब्बाथ शाळेत यांना काहीतरी सांगा. आईबाबांनो, तुमची काळजी मला कळते. पण शब्बाथ शाळा आठवड्यातून एकदा भरते. हजेरी, गीत, प्रार्थना आणि सुवर्णवचन झाल्यावर जो वेळ उरतो, त्यात आम्ही शिक्षक एखादी गोष्ट सांगतो. ती गोष्ट मुलाच्या मनात मुरणं मात्र आमच्या हातात नसतं. बाकीचे सहा दिवस मूल तुमच्याजवळ असतं. म्हणून आज मुलांच्या तक्रारी बाजूला ठेवून तुमच्याशीच बोलावंसं वाटतं.

अनुवादाचा सहावा अध्याय तुम्ही लेकरांच्या बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या वेळी ऐकला असेल. मोशे त्यात लोकांना सांगतो की देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा. कुठे आणि कधी, तेही तो सांगतो: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. याजकाचं नाव त्यात नाही, उपासनेच्या तासाचंही नाही. सगळी वेळ घरातली आणि घरच्यांच्या सोबतीची आहे. पण त्याच्याही आधी एक अट आहे. ही वचनं प्रथम तुमच्या स्वतःच्या हृदयात असावीत, असं मोशे म्हणतो. आधी आईबापांचं हृदय, मग मुलांचे कान. आपण बहुतेकजण ही पहिली पायरी गाळतो. मुलाने बायबल वाचावं असं आपल्याला मनापासून वाटतं, पण आईला किंवा बाबांना ते वाचताना मुलाने शेवटचं कधी पाहिलं, हे आठवावं लागतं.

या बाबतीत मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातल्या दोन घटना फार मोलाच्या वाटतात. पती बिपिनबिहारी यांच्यासोबत त्या आसामातल्या सिल्चर इथे राहत होत्या, तेव्हा घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. पुढे पतीच्या निधनानंतर, 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या व्रतस्थ ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. या भगिनींचं एक काम लंडनजवळ फुलहॅम इथे चालत होतं. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या म्हणून हिणवलेल्या स्त्रियांना त्या तिथे जवळ करत आणि मायेने सांभाळत. अशा बायकांशी कोणी इतक्या प्रेमाने वागताना रमाबाईंनी पूर्वी पाहिलं नव्हतं. हे लोक असं का वागतात, असा प्रश्न त्यांना पडला आणि तो त्यांनी विचारला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, तो अध्याय. ख्रिस्त कोण आहे हे आपल्याला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगलं, असं रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं.

पालकांनो, या दोन घटना एकत्र ठेवून पाहा. लूक त्यांनी आधीच वाचला होता. येशूची ओळख मनात होती. पण त्या ओळखीला जीव आला, तो डोळ्यांनी काहीतरी पाहिल्यावर. त्यांनी प्रेमाचं काम पाहिलं, त्यातून प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाला बायबलमधल्या एका अध्यायाने उत्तर दिलं. आपल्या घरात मुलांना नेमकं हेच मिळायला हवं. रोज वचन कानावर पडावं आणि तुमच्या वागण्यात मुलांना असं काही दिसावं की, आई तू असं का केलंस, बाबा तुम्ही असं का केलंत, हे त्यांनी आपणहून विचारावं. मग बायबल उघडून उत्तर देता येतं. ज्या घरात फक्त वाचन आहे, तिथे बायबल पाठांतरापुरतं राहतं. ज्या घरात चांगुलपणा आहे पण वाचन नाही, तिथे मुलाला तो चांगुलपणा कुठून आला ते कळत नाही आणि पहिल्या मोठ्या मोहापुढे तो टिकवायला त्याच्यापाशी आधार नसतो.

वागणं म्हणजे काहीतरी मोठं कार्य करायला हवं असं नाही. लेवीयचा एकोणिसावा अध्याय काढा. लेवीय म्हटलं की बलिदानांचे नियम आठवतात आणि आपण ते पुस्तक ओलांडून पुढे जातो. पण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येशूने ज्या ठिकाणाहून सांगितली, ती जागा हीच. त्या एका अध्यायात किती साध्या गोष्टी आहेत पाहा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. पीक कापताना शेताचे कोपरे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. तुमच्या देशात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखं प्रेम करा. तराजू आणि मापं खरी ठेवा.

हा अध्याय संध्याकाळी मुलांसमोर वाचा आणि मग आपल्या घराकडे बघा. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार ठरलेल्या तारखेला मिळतो का, की त्यांना दोनदा आठवण करावी लागते? सोसायटीत काम करणारा बिहारचा किंवा ओडिशाचा मजूर पाणी मागायला आला तर मुलांना काय दिसतं? आजोबा खोलीत आले की मोबाइलवरून नजर तरी वर जाते का? दुकान असेल तर वजन, नोकरी असेल तर वेळेचा हिशेब कसा असतो? अध्याय वाचून झाल्यावर बाबांनी उठून मावशींचा राहिलेला पगार पाकिटात घालून ठेवला, तर त्या दिवशीचं स्पष्टीकरण वेगळं करावंच लागत नाही. मुलं पाहत असतात. पुढे कधीतरी तीच मुलं लोकांना पगार देण्याच्या जागी बसतील, तेव्हा त्यांना हे पाकीट आठवेल.

इथेच रोजच्या वाचनाचा समाजाशी संबंध येतो. आपल्या महाराष्ट्रात बायबल वाचण्याच्या खटाटोपातून खूप काही उभं राहिलं, हे मुलांना सांगायला हवं. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून 1811 मध्ये मराठी नवा करार मोडी लिपीत छापला, तेव्हा मराठी छपाईचे ते अगदी सुरुवातीचे दिवस होते. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर भागात शाळा काढल्या आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. ज्यांना गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू दिलं जात नव्हतं, अशा महार-मांग कुटुंबांतली अनेक मुलं या मिशन शाळांमधून अक्षरं शिकली. मुलींनी वाचावं हेच ज्या काळात पटत नव्हतं, त्या काळात मिशनरी सिंथिया फरार यांनी अहमदनगरला मुलींची शाळा चालवली आणि त्या शाळेने जोतीराव फुल्यांना प्रेरणा दिली. बाबा पद्मनजींनी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं आणि विधवांचे हाल मराठी कादंबरीत पहिल्यांदा आले. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी आयुष्यात वाचलेलं पहिलं पुस्तक शुभवर्तमानच होतं. स्वतः वाचता यावं यासाठी ते शिकले, आणि वाचता आल्यामुळे ते माणूस म्हणून ताठ उभे राहिले. आपल्या घरातलं पदवीचं प्रमाणपत्र या वाटेवरून आलेलं आहे.

पण हा वारसा सांगताना दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपण वाचतो. आणि मुलाच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं की फोनवर हळूच विचारतो, मूळचे कोण, म्हणजे जात कोणती? तुमची मुलगी शेजारच्या खोलीत हे ऐकत असते. सकाळच्या अध्यायाने तिच्या मनात जे पेरलं, ते या एका प्रश्नाने उपटून टाकलं जातं. बायबल समाज बदलतं असं आपण अभिमानाने म्हणतो. मग पहिला बदल आपल्या मंडळीतल्या सोयरिकींमध्ये दिसू द्या. मुलं त्याच दिवशी बायबलवर विश्वास ठेवायला लागतील.

आता रोजचं वाचन घरात कसं सुरू करायचं ते बोलू. पहिली चूक होते ती वर्षभरात सगळं बायबल संपवण्याच्या संकल्पाने. जानेवारीत उत्पत्ती उत्साहाने वाचून होते, निर्गमाचा पूर्वार्धही, आणि निवासमंडपाची मापं सुरू झाली की घरातलं वाचन थांबतं. बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत (कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकं 73 असल्याने अधिक). रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात होतात, पण लहान मुलांच्या घरात ही गती झेपत नाही. त्यापेक्षा मार्कापासून सुरुवात करा. फक्त 16 अध्याय, सगळी हालचाल, सगळ्या घटना. रोज एक याप्रमाणे सोळा दिवसांत संपतं आणि एक पुस्तक पूर्ण केल्याचं समाधान मुलांना मिळतं. चारही शुभवर्तमानांचे मिळून 89 अध्याय आहेत. रोज एक वाचला तर तीन महिन्यांत येशूचं चरित्र चारदा ऐकून होतं. संपूर्ण नव्या कराराचे अध्याय 260. आठवड्यातले पाच दिवस एकेक वाचला तर बरोबर एक वर्ष. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत, म्हणून तारखेप्रमाणे वाचायला ते पुस्तक सोयीचं. लहानांसाठी रूथ आणि योना ही चार-चार अध्यायांची पुस्तकं उत्तम.

वेळ एकच ठरवा. बहुतेक घरांत रात्रीचं जेवण झाल्यावर, ताटं उचलण्याआधीची वेळ जमते. दहा मिनिटं पुरतात. एकाने मोठ्याने वाचावं, एकाने छोटी प्रार्थना करावी, वाटलं तर 'उपासना संगीता'तलं एखादं पद म्हणावं. वाचायची पाळी मुलांनाही द्या. अडखळली तरी टोकू नका. घरच्या वाचनासोबत तुमचं स्वतःचं एकांतातलं वाचनही असू द्या. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रॉबर्ट मरे मचेन या तरुण पाळकाने 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता केला, तो आजही जगभर वापरला जातो. त्याने त्यात रोजचे अध्याय दोन भागांत वाटले: काही कुटुंबाने मिळून वाचायचे, काही प्रत्येकाने एकट्याने. दोन्हींची गरज त्या माणसाला कळली होती. एकट्याने वाचलेलं आपल्याला आतून सरळ करतं आणि मिळून वाचलेलं घराला एकत्र ठेवतं.

बायबल मोबाइलवर वाचायला हरकत नाही, प्रवासात तेच सोयीचं. पण मुलांसोबत बसताना छापील प्रत घ्या. तुमच्या हातात मोबाइल असला तर तुम्ही वचन वाचताय की संदेश पाहताय, हे मुलाला दुरून कळत नाही. हातातलं पुस्तक मात्र लगेच ओळखू येतं.

आणि वाचन मराठीत करा. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, 'पवित्र शास्त्रा'ची मराठी त्यांना जड वाटते, ही अडचण मला माहीत आहे. रमाबाईंनाही ती जाणवली होती. गावातल्या कमी शिकलेल्या बाईलाही वचन समजावं, एवढ्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींनी छापखान्याचं काम शिकून ते बायबल छापलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. त्यानंतर 1924 मध्ये त्यांचं बायबल प्रसिद्ध झालं. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केलं आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. एवढ्या कष्टाने आपल्या भाषेत आलेलं वचन घरात असताना मुलांना ते ऐकू न देणं योग्य नाही. जड शब्द आला तर थांबा, सोपा करून सांगा. आजीला विचारा. आजीकडे बायबलची मराठी असते आणि सांगायला वेळही असतो.

कॅथलिक घरांतल्या पालकांनाही एक सांगते. घरी बायबल वाचणं ही प्रॉटेस्टंटांची पद्धत आहे असं पूर्वी मानलं जाई. पण 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सगळ्या भाविकांनी पवित्र ग्रंथ वारंवार वाचावा असं आग्रहाने सांगितलं, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये वर्षातला एक रविवार देवाच्या शब्दासाठी नेमून दिला. रोझरीनंतर शुभवर्तमानाचा एक उतारा वाचला तर संध्याकाळची प्रार्थना अधिक भरीव होईल.

काही आयांचं दुःख वेगळं असतं. नवरा बसत नाही, काही घरांत त्याचा विश्वासच वेगळा असतो, काहींच्या घरी तो नाहीच. त्यांना मी तीमथ्याची आठवण करून देते. त्याचे वडील हेल्लेणी होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पौल जेव्हा तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहितो, तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो, आणि तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्र माहीत होतं असंही सांगतो. दोन बायकांनी वाढवलेला तो मुलगा पुढे मंडळीचा पुढारी झाला. तुम्ही एकट्या वाचत असाल तरी वाचत राहा.

वाढत्या वयाची मुलं प्रश्न विचारतात, तेव्हा अनेक पालक घाबरतात. देव चांगला आहे तर लहान मूल कर्करोगाने का जातं? जुन्या करारात एवढ्या लढाया का? असे प्रश्न आले की आपण आवाज चढवतो, किंवा विश्वास ठेव, प्रश्न विचारू नकोस, असं म्हणतो. बायबल स्वतः असं म्हणत नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता, तेव्हा तो ऐकत होता आणि प्रश्नही विचारत होता. हबक्कूक देवालाच विचारतो की अन्याय होताना तू गप्प का. ईयोबाचं सगळं पुस्तक दुःखाच्या प्रश्नाने भरलेलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. बिरुया इथले लोक पौलाचं बोलणं खरं की नाही हे रोज शास्त्र उघडून तपासत, आणि लूक त्यांचं कौतुक करतो. तुमचा मुलगा प्रश्न विचारतो आहे म्हणजे तो ऐकतो आहे. उत्तर येत नसेल तर सांगा की आपण मिळून शोधू, पाळकसाहेबांना विचारू. गप्प बसवलेलं मूल अठराव्या वर्षी शिकायला बाहेरगावी गेलं की बायबलही मागे ठेवून जातं.

आणखी एक कळकळीची विनंती. बायबलची छडी करू नका. मार्क कमी पडले म्हणून स्तोत्र लिहून काढायला लावणं, खोटं बोलला म्हणून दहा आज्ञा दहा वेळा म्हणायला लावणं, उलट बोललं की आईबापांचा मान राख या आज्ञेचा धाक घालणं, यातून मुलाच्या मनात देवाचा शब्द आणि शिक्षा यांची कायमची गाठ बसते. इफिसकरांस पत्रात पौल मुलांना आज्ञापालन शिकवतो आणि लगेच बापांनाही बजावतो की मुलांना चिडवू नका. ते वचन आपल्यासाठी आहे. भांडण झालेल्या दिवशीही रात्रीचं वाचन टाळू नका, पण त्या रात्री मुद्दाम टोमणा मारणारा अध्याय काढू नका. जिथे खूण ठेवली असेल तिथूनच पुढे वाचा.

खंड पडेल. परीक्षा येतील, पाहुणे येतील, कोणी आजारी पडेल, कामाची पाळी रात्रीची असेल. चार दिवस बुडाले तर ते भरून काढायला चार अध्याय एकदम वाचू नका. पाचव्या दिवशी एक वाचा. रोजचं वाचन देवाकडे हजेरी लावण्यासाठी नाही, त्याचा आवाज घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा व्हावा यासाठी आहे. मुलं मोठी होऊन दूर जातील, तिथे त्यांच्या कानावर हजार आवाज पडतील. त्यांतला खरा कोणता हे ओळखायला त्यांना तुमच्या घरात ऐकलेलाच आवाज उपयोगी पडेल.

तेव्हा आईबाबांनो, नव्या वर्षाची किंवा लेंटची वाट पाहू नका. आज रात्री जेवण झालं की मार्काचा पहिला अध्याय काढा आणि तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. मुलं बसली तर उत्तम, नाही बसली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं वाचा. उद्या दुसरा वाचा. आणि त्या दोन वाचनांच्या मधल्या दिवसात, वाचलेल्यापैकी एक गोष्ट मुलांना दिसेल अशी करा. प्रभू तुमच्या घराला आशीर्वाद देवो.